जुनीं मापें : परस

बालाघाटावरील एका गांवाहून एका भगिनीचें पत्र आलें आहे. त्यांचें सासर मोठ्या एकत्र कुटुंबाचें असून तीन पिढ्या एका चुलीवर काढल्यावर आतां घरांत वांटणीचें बोलणें निघालें आहे. जमिनीबद्दल कोणाचा वाद नाहीं. वाद आहे तो मळ्यांतील विहिरीचा. आजेसासऱ्यांच्या मोडी टिपणांत तिच्याविषयीं 'विहीर एक, नऊ परस' एवढेच शब्द आहेत. धाकटी पाती म्हणते कीं, १९७२ च्या दुष्काळानंतर आम्हीं पदरमोड करून ती दोन परस खालीं नेली, तेव्हां तो खर्च हिशेबांत धरला पाहिजे. थोरली पाती म्हणते कीं, विहीर मुळांत याहूनही खोल होती. मध्यंतरीं ती गाळानें भरली, आणि धाकट्यांनीं काढला तो गाळच. या पातींतील एका विद्वान् गृहस्थांनीं संस्कृत टीकेचा आधारही काढून दाखविला आहे : पुरुष म्हणजे १२० अंगुळें, म्हणजे पांच हात, म्हणजे साडेसात फूट, तेव्हां नऊ परसांचे साडेसदुसष्ट फूट झाले. आज टेप सोडून पाहतां विहीर सत्तावन्न फूट भरते. भावाभावांत कोर्टाची पायरी चढण्याची वेळ येऊं नये म्हणून विचारतें, असें लिहून भगिनींनीं दोनच प्रश्न केले आहेत : परस म्हणजे नक्की किती, आणि हें माप आलें कोठून?

दुसऱ्या प्रश्नापासून आरंभ करूं, कारण पहिल्याचें उत्तर त्याच्या पोटांत आहे.

शहरांत वाढलेल्या वाचकांना 'परस' म्हटलें कीं घरामागील मोकळी जागा आठवेल. तुळस, केळी आणि अळू यांचें तें ठिकाण. त्या परसाशीं या परसाचें कांहीं नातें नाहीं. विहिरीचा परस म्हणजे संस्कृतांतील 'पुरुष'. प्राकृतांत पुरुषाचा 'पुरिस' झाला, आणि खोलीचें माप म्हणून मराठी बोलींत राहिला तो 'परस'. उत्तर हिंदुस्थानांत याचाच सख्खा भाऊ 'पोरसा' किंवा 'पुरसा' या नांवानें नांदतो. मराठींत 'पुरुष' हा शब्द आपण संस्कृतांतून पुन्हां जसाच्या तसा उचलला. तो व्याकरणांत गेला, वंशावळींत मूळपुरुष होऊन बसला, तत्त्वज्ञानांत तर प्रकृतीच्या शेजारीं त्याचें आसनच आहे. खड्ड्यांत उतरलेला पुरुष मात्र शेतकरी आणि वडार यांच्या तोंडींच राहिला, आणि लेखी मराठीला त्याचा विसर पडला.

आपलीं लांबीचीं जुनीं मापें बहुतेक देहावरचीं आहेत. चार बोटांची मूठ, बारा बोटांची वीत, दोन वितींचा हात, आणि दोन्ही हात आडवे पसरले म्हणजे वाव. परंतु हीं मापें वस्तु हाताशीं असेल तेव्हां कामाचीं. कापड हातानें मोजावें, दोर वावेनें मोजावा. उभ्या खड्ड्याची भिंत वितीवितीनें मोजीत कोण उतरणार? आणि त्याची गरजही नसते, कारण खड्ड्यांत एक मोजकाठी आधींच उभी असते. ती म्हणजे खणणारा माणूस. त्याचें डोकें जमिनीच्या रेषेखालीं गेलें कीं एक परस झाला. याहून सोपें माप सुचणें कठीण.

आणि तें सुचलेंही फार पूर्वीं. मापाच्या अर्थीं येणाऱ्या पुरुष शब्दाची पाणिनीनें निराळी व्यवस्था लावली आहे, आणि तिचें उदाहरण म्हणून काशिकावृत्तींत येते ती 'द्विपुरुषी' परिखा, म्हणजे दोन पुरुष खोल खंदक. उदाहरण भिंतीचें नाहीं, मनोऱ्याचें नाहीं. खणलेल्या गोष्टीचें आहे, इकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. वैयाकरण उदाहरणें बहुधा लोकांच्या बोलण्यांतून उचलतात.

पण शास्त्रांत आणखी एक पुरुष आहे, आणि सगळा घोंटाळा त्याच्यामुळें झाला आहे. शुल्बसूत्रांत यज्ञाच्या चितीचें माप सांगितलें आहे. पहिली चिती साडेसात चौरस पुरुषांची. हें माप घेण्यासाठीं यजमान दोन्ही हात वर करून उभा राहतो. आपस्तंबाच्या रीतीप्रमाणें त्या उंचीइतक्या अंतरावर वेळूच्या काठीला छिद्रें पाडावयाचीं आणि त्या काठीनें सर्व आंखणी करावयाची. बौधायनानें हा हात उंचावलेला पुरुष १२० अंगुळांचा धरला आहे. चोवीस अंगुळांचा एक हात, या हिशेबानें पांच हात झाले. हात दीड फुटाचा धरला कीं साडेसात फूट येतात, ते असे.

आतां कौटिल्य पाहूं. त्याचें अर्थशास्त्र कित्येक शतकें नांवापुरतें उरलें होतें. १९०९ सालीं शामशास्त्र्यांनीं तें म्हैसूरास छापून प्रसिद्ध केलें, तेव्हां विद्वानांना तें पुन्हां सांपडलें. त्याच्या दुसऱ्या अधिकरणाच्या विसाव्या अध्यायांत मोजमापांची जंत्री आहे. कौटिल्य राज्य चालविण्यास निघालेला मनुष्य. कोणतें माप कोणत्या कामाला, हें तो चोख सांगतो. अग्निचितीचा पुरुष त्यानें १०८ अंगुळांचा दिला आहे. खणण्याच्या कामासाठीं पुरुष वेगळा सांगितला आहे, आणि तो आहे ८४ अंगुळांचा. दोरखंड मोजण्यासही हेंच माप. म्हणजे एक पुरुष देवकार्याचा आणि दुसरा मातीकामाचा, असा भेद दोन हजार वर्षांपूर्वींच रूढ होता.

चौऱ्यायशींला चोविसांनीं भागून पाहावें. उत्तर येतें साडेतीन. साडेतीन हात! 'साडेतीन हातांचा देह' हे शब्द आपण कीर्तनांत आणि घरांतील वडिलांच्या तोंडून इतक्या वेळां ऐकले आहेत कीं, तो नुसता वैराग्याचा अलंकार आहे असें वाटूं लागतें. वस्तुतः तें सरळ माप आहे. ज्यानें त्यानें आपल्या कोंपरापासून मधल्या बोटाच्या टोंकापर्यंतच्या हातानें स्वतःला मोजून पाहावें. थोर असो कीं लहान, साडेतीनाच्या आसपासच भरतें. खणणारा पुरुष म्हणजे हाच साडेतीन हातांचा देह, हात खालीं सोडून उभा असलेला. फुटांत तो पांच फूट तीन इंच होतो.

मग थोरल्या पातीच्या पंडितांचा आधार खोटा आहे काय? मुळींच नाहीं. त्यांनीं काढला आहे तो भट्ट उत्पलाच्या टीकेचा, आणि ती टीका चितीवरची नसून पाण्यावरचीच आहे. सहाव्या शतकांत वराहमिहिरानें बृहत्संहितेंत दकार्गल नांवाचा एक अध्याय लिहिला. भूमीखालीं पाणी कोठें लागेल हें ओळखण्याचें त्यांत शास्त्र आहे. हा अध्याय आम्हांस फार आवडतो. जांभळीच्या पूर्वेस जवळच वारूळ असेल तर तिच्या दक्षिणेस दोन पुरुष खालीं गोड पाणी आहे. खणतांना अर्ध्या पुरुषावर मासा दिसेल, मग पारव्या रंगाचा दगड, निळी माती, आणि पाणी पुष्कळ काळ टिकेल. निर्जल प्रदेशांत वेत उगवला असेल तर त्याच्या पश्चिमेस तीन हातांवर खणावें, दीड पुरुषावर झरा आहे. मरुभूमींतल्या पाण्याच्या शिरा उंटाच्या मानेसारख्या खालीं वळलेल्या असतात, असेंही तो म्हणतो. मासे आणि बेडूक यांवर आज कोणी विश्वास ठेवावा असें आमचें म्हणणें नाहीं. पण मापांची वांटणी पाहा : आडवें अंतर तो हातानें मोजतो, खोली पुरुषानें. एका वाक्यांत दोन मापें आलीं तरी त्यांची सरमिसळ होत नाहीं.

या अध्यायावर उत्पलानें दहाव्या शतकांत टीका लिहिली आणि 'पुरुष' याचा अर्थ हात उंचावलेला पुरुष, १२० अंगुळें, असा दिला. वराहमिहिरानंतर चार शतकांनीं लिहिणाऱ्या या थोर ज्योतिष्यानें शुल्बांतलें प्रमाण येथें आणलें असावें, असें आमचें मत आहे. उत्तरेकडील पोरसाही हात उंचावूनच सांगतात. पण उत्पल ज्योतिषी होता, विहीर खणणाऱ्यांचा मुकादम नव्हता. मराठवाड्यांत परस म्हणजे पांच फूट, कोठें साडेपांच, कोठें सहा, असें सांगतात. साडेसात कोणी म्हणत नाहीं. कौटिल्याचे पांच फूट तीन इंच या दोन टोंकांच्या आंत बसतात, उत्पलाचे साडेसात बाहेर पडतात. बीडच्या शेतकऱ्यानें कौटिल्य वाचला होता असें कोणी म्हणणार नाहीं. दोघेही खणणाऱ्या माणसाकडे पाहून बोलले, एवढेंच.

आतां भगिनींच्या विहिरीकडे येऊं. साडेतीन हातांच्या परसानें नऊ परस म्हणजे सत्तेचाळीस फूट तीन इंच. अकरा परस म्हणजे सत्तावन्न फूट नऊ इंच. टेप सत्तावन्न दाखवितो. पांच फुटांचा परस धरला तर अकरा परस पंचावन्न होतात; सहांचा धरला तर नऊ परस चोपन्न. यावरून धाकट्या पातीचें म्हणणें हिशेबाला धरून आहे असें दिसतें. तरी एवढ्यावर निकाल करूं नये. टेप कोठून सोडला हें आधीं पाहावें. परस मोजतात तो जमिनीपासून. मागाहून बांधलेल्या कठड्याची उंची त्यांत धरीत नाहींत. दुसरें, चैत्र-वैशाखांत पाणी तळाला गेलें म्हणजे दोन्ही पातींनीं मिळून विहिरींत पाहावें. जुनी विहीर खालीं नेतांना वरची बाजू ढांसळूं नये म्हणून घेर थोडा कमी करतात, आणि त्यामुळें खडकांत सभोंवार एक कंगोरा राहून जातो. तो कंगोरा असेल तर जमिनीपासून तेथपर्यंत टेप लावावा. तें अंतर सत्तेचाळीस फुटांच्या जवळ आलें तर तोच आजेसासऱ्यांचा नववा परस, आणि तुमच्या घराण्याचा परस किती याचा त्याहून चांगला दाखला कोणत्याही ग्रंथांत मिळावयाचा नाहीं. अंतर निराळें आलें तर तेंही दोघांनीं मानावें.

आणखी एक गोष्ट न विचारतां सांगतों. विहीर खोल करण्याचा खर्च निराळा आणि पाण्यावरील हक्क निराळा. पाण्याचा हिस्सा आण्यांनीं आणि पाळीच्या दिवसांनीं ठरतो, परसांनीं ठरत नाहीं. धाकट्यांचा खर्च खरा ठरला तर तो पैशांत फेडावा. त्यासाठीं पाळीला हात लावूं नये.

नऊ परस म्हणजे किती, हें आज आपण टेपानें पाहतों. ज्यानें तें टिपण लिहिलें त्याला त्यांत पुष्कळ दिसत असलें पाहिजे. मोटेच्या काळीं विहीर जितकी खोल तितकी धाव लांब, कारण मोट तळापासून थारोळ्यापर्यंत यावयाची तर बैलांना तेवढेंच अंतर उतारावरून चालावें लागे. एक परस वाढला कीं नाडा पांच फुटांनीं वाढला, धाव तेवढी पुढें सरली, आणि दिवसाकांठीं निघणाऱ्या मोटा कमी झाल्या. खणण्याची मजुरीही परसावर ठरे, आणि सगळे परस एका भावाचे नसत. वरचे काळ्या मातीचे आणि मुरमाचे स्वस्त. खालचे फत्तराचे, सुरुंगाचे, आणि दगड वर चढविण्याच्या कष्टाचे म्हणून महाग. पुढें यारी आली तेव्हां दगड ओढण्याचा त्रास कांहीं कमी झाला. घरांतील बायकांचा हिशेब मात्र पुरुषाचा कधींच नव्हता. आडाचें पाणी शेंदतांना दोर हातानें ओढला जातो, आणि पोहरा किती हातांवर आला हें त्यांच्या तळव्यांना ठाऊक असे. पाणी एक परस खालीं गेलें, असें पुरुष मंडळी ओट्यावर बसून म्हणत, तेव्हां त्याचे साडेतीन हात घरांतील सुनेच्या वांट्याला प्रत्येक खेपेस आलेले असत.

परस हें माप बीड जिल्ह्याच्या खडकाला शोभणारें आहे. हा बहुतेक मुलूख लाव्हारसाच्या थरांनीं बनलेल्या काळ्या पाषाणाचा. प्रत्येक थराचा माथा सच्छिद्र आणि कुजलेला, त्याच्या खालचा गाभा घट्ट. पाणी मुरतें आणि साठतें तें मुख्यतः वरच्या झिजलेल्या खडकांत आणि भेगांत. घट्ट गाभ्यांत भेग लागली तर पाणी, नाहीं तर कोरडा दगड. म्हणून येथील जुनी विहीर पांचसात परसांपासून दहापंधरा परसांपर्यंत जाते, आणि तेथें माणूस थांबतो. वर्षाकांठीं पाऊस साडेसहाशें ते सातशें मिलिमीटरांच्या आसपास. त्यांतला जो मुरेल तो या थरांत.

खोलीपेक्षां जागेची निवड महत्त्वाची, हें या जिल्ह्यांत ज्याला कळलें त्याची विहीर अजून उभी आहे. बीड शहराच्या दक्षिणेस दोन कोसांवर सोलापूरच्या रस्त्यालगत खजाना विहीर आहे. अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाच्या कारकिर्दींत, हिजरी ९९१ म्हणजे इ. स. १५८३ च्या सुमारास, जहागीरदार सलाबतखानानें ती बांधविली. योजना राजा भास्कर याची असें सांगतात. तिच्यांतील पाणी भूमिगत मार्गानें आपलें आपण शेतांकडे वाहत जातें. मोट नाहीं, बैल नाहींत. तिची ख्याती ती किती परस आहे यासाठीं नाहीं. आवर्षणांतही तिचें पाणी टिकून राहतें यासाठीं आहे.

१९७२ च्या दुष्काळानंतर खडक भेदणारीं यंत्रें गांवोगांव आलीं. आरंभीं त्यांचें काम पिण्याच्या पाण्यासाठीं होतें. त्या बोअरांवर बसविण्याजोगा दणकट हातपंप घडविण्याच्या पहिल्या खटपटी शेजारच्या जालन्यासच झाल्या. पुढें पाण्यांत बुडून चालणारी विजेची मोटर आली आणि शेतकरीही बोअर घेऊं लागला. बोअर फुटांत मोजतात. पांचशें फूट, सातशें फूट असे आंकडे ऐकूं येतात. पांचशें फूट म्हणजे जवळजवळ शंभर परस, पण तसें कोणी म्हणत नाहीं, आणि तें स्वाभाविकच आहे, कारण सहा इंचांच्या त्या भोंकांत माणूस उभा राहूं शकत नाहीं. सरकारी कागदांतील विहीर तर मीटरांत असते. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमानें साठ मीटर किंवा त्याहून अधिक खोल विहिरीला 'खोल विहीर' ठरवून शेती आणि उद्योग यांसाठीं ती घेण्यास मनाई केली आहे. साठ मीटर म्हणजे सुमारें साडेसदतीस परस. हा आंकडा परसांत सांगितला असता तर गांवांतील म्हाताऱ्या माणसाला तो ऐकतांक्षणीं अंगावर कांटा आणणारा वाटला असता. मीटरांत तो कागदावर निमूट पडून राहतो, आणि बोअरवाला फुटांत बोलून त्याच्या शेजारून निघून जातो. २०१६ च्या उन्हाळ्यांत केज तालुक्यांतील धनेगांवचें मांजरा धरण आटलें आणि मिरजेहून लातुरास आगगाडीनें पाणी न्यावें लागलें, तेव्हां या मुलखांतील कोरड्या बोअरांचे आंकडे सगळीकडे फुटांतच छापले जात होते.

नवी विहीर खणतांना मात्र आजही परस चालतो. मस्टरवर मीटर लिहिले जातात, आणि विहिरींतला माणूस वर मान करून ओरडून सांगतो तो परसच.

ज्या वाचकांच्या घरीं जुनीं टिपणें, कवले किंवा वांटणीपत्रें असतील त्यांनीं त्यांत परसाचा उल्लेख आहे का, आणि आपल्या गांवीं परस किती फुटांचा मानतात, हें कृपा करून कळवावें. शक्य तर एखादी जुनी विहीर मोजून कळवावें. भगिनींच्या विहिरींतील कंगोऱ्याचें काय झालें तेंही ऐकण्यास आम्ही उत्सुक आहों. पुढील अंकीं 'वाव' घेऊं. कोंकणांतील खलाशी तिनें समुद्राचा तळ कसा पाहत, तें त्यांत येईल.